मधली सीट तुम्ही घ्या

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. वडील 118 किलोचे, निवृत्त शिक्षक, कुडाळला राहतात. मागच्या दिवाळीत मुंबईहून गोव्यातल्या मोपा विमानतळावर येताना शेजारची मुलगी विमान सुटायच्या आधीच उठून उभी राहिली आणि चार रांगांना ऐकू जाईल असं म्हणाली, "मी पूर्ण सीटचे पैसे भरलेत, अर्ध्या सीटचे नाही." बाबांनी तो तासभराचा प्रवास अंग चोरून केला आणि घरी येऊन सांगून टाकलं की आता विमान नको. आता दिल्लीला बहिणीच्या मुलीचं बारसं आहे, तुम्ही दोघं जाणार आहात. तुम्ही विचारलंय की बाबांसाठी दोन सीट घ्याव्यात का, त्या मुलीचं चुकलं का, आणि पुन्हा असं झालं तर काय करायचं.

मी 19 वर्षं केबिन क्रू होते. त्यातली शेवटची सहा वर्षं नवीन मुलामुलींना शिकवण्यात गेली. आता वेंगुर्ल्याला घरी असते. अशा जागेच्या भांडणांत मी इतक्या वेळा मधे उभी राहिले आहे की दोन्ही बाजूंचे चेहरे मला पाठ आहेत. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी एक गोष्ट बाजूला करू या. तुम्ही वजन लिहिलंय, पण सीटच्या बाबतीत वजनाच्या आकड्यावरून काहीच कळत नाही. 118 किलोचा सहा फुटी माणूस सीटमध्ये सहज मावतो आणि 90 किलोची एखादी बाई मावत नाही. प्रश्न बैठकीच्या रुंदीचा आणि खांद्यांचा असतो. मोपा-दिल्लीला बहुतेक वेळा एअरबस ए320 किंवा त्याच घराण्यातलं विमान असतं. त्यात एका बाजूला तीन, दुसऱ्या बाजूला तीन सीट, आणि दोन आर्मरेस्टमधली, म्हणजे हात टेकायच्या दांड्यांमधली, जागा साधारण 17 ते 18 इंच. बोइंग 737 असेल तर अजून थोडी कमी, कारण त्याची केबिनच एअरबसपेक्षा साधारण अर्धा फूट अरुंद आहे आणि सीट तेवढ्याच बसवतात.

तर बाबांचं माप घ्या. घरात लाकडी बाकडं असेल तर उत्तम. त्यांना नेहमी बसतात तसं बसू द्या, गुडघे जुळवून नाही. दोन्ही बाजूंना तांदळाचे किंवा पिठाचे उभे डबे अंगाला अलगद टेकतील असे ठेवा. मग त्यांना उठवा आणि दोन डब्यांमधलं अंतर टेपने मोजा. 18 इंच किंवा कमी आलं तर खालची बाजू निर्धास्त आहे. 18 ते 20 च्या मधे आलं तर आर्मरेस्ट दाबून खाली येतो, पण दोन-अडीच तास तो मांडीत रुतत राहतो. 20 च्या पुढे गेलं तर एका सीटचा आग्रह धरू नका. हे आकडे कुठल्या नियमातले नाहीत, मी इतकी वर्षं जे पाहिलं त्यावरून सांगते आहे. कंपन्यांची कसोटी सोपी असते. उड्डाणाच्या आणि उतरण्याच्या वेळी आर्मरेस्ट खाली असावा लागतो. तो खाली येतच नसेल तर जगभरातल्या बऱ्याच कंपन्या दुसरी सीट घ्या म्हणतात.

खांद्यांचं मात्र माप घेऊन उपयोग नाही. जवळजवळ प्रत्येक पुरुषाचे खांदे सीटपेक्षा रुंद असतात. तीन मध्यम बांध्याचे पुरुष एका रांगेत बसले तरी कोणाला तरी पुढे झुकावं लागतं. शेजाऱ्याला खरा त्रास होतो तो बहुतेकदा दंडाचा, आणि तो सीटच्या रुंदीमुळे आहे हे कोणी लक्षात घेत नाही.

आता तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर. माप 20 च्या आत असेल तर दोन सीट घेऊ नका. तेच पैसे आधी सीट निवडण्यासाठी खर्च करा. बाबांना खिडकी द्या आणि मधली सीट तुम्ही घ्या. तुम्ही स्वतः बारीक आहात असं लिहिलंय, मग तर प्रश्नच नाही. तुमच्या आणि बाबांच्या मधला आर्मरेस्ट घरचा झाला. विमान वर गेलं, पट्ट्यांची खूण बंद झाली की तो वर करा, उतरताना खाली घ्या. तुमच्या पलीकडचा आर्मरेस्ट खालीच राहील आणि तिसऱ्या माणसाला बाबांचा स्पर्शही होणार नाही. जागेची ओढाताण व्हायचीच असेल तर ती बाप-लेकात होऊ दे.

बहुतेक मुलं नेमकं उलटं करतात. वडिलांना त्रास नको म्हणून खिडकी त्यांना, बाहेरची सीट स्वतःला, आणि मधली रिकामी राहील या आशेवर सोडून देतात. मे महिना, गणपती, दिवाळी, आणि गोव्याकडे नाताळ ते नववर्ष, या दिवसांत मधली सीट रिकामी राहत नाही. मग तिथे एक अनोळखी माणूस येऊन बसतो आणि पहिल्या मिनिटापासून अवघडतो.

खिडकीला एक अडचण आहे, विमानाची भिंत खांद्यापाशी आत वळलेली असते. बाबांना दर तासाला लघवीला उठावं लागत असेल, मधुमेह असेल, गुडघे आखडत असतील, तर त्यांना बाहेरची सीट द्या आणि मधे तुम्हीच बसा. बाहेरच्या सीटचा वाटेकडचा आर्मरेस्ट पक्का आहे असं सगळ्यांना वाटतं, पण बऱ्याच विमानांत त्याच्या खालच्या बाजूला, बिजागरीजवळ एक छोटी कळ असते. ती दाबली की तोही वर जातो. क्रूला सांगा, ते करून देतील. त्या बाजूला ट्रॉलीचा धक्का खांद्याला बसतो, तेवढं बाबांना आधीच सांगून ठेवा. आणि व्हीलचेअर मागितली असेल तर कंपनी बाहेरची सीट देईलच असं नाही. विमानाला मान्यता मिळताना निम्मी दारं बंद धरून सगळे प्रवासी 90 सेकंदांत बाहेर पडले पाहिजेत अशी चाचणी असते. म्हणून ज्यांना उठायला वेळ लागतो त्यांना क्रू शक्यतो खिडकीकडे बसवतो, मागच्यांची वाट अडू नये म्हणून.

सगळ्यात महाग चूक सांगते. "पाय मोकळे राहतील" म्हणून जास्त पैसे भरून पहिली रांग किंवा एक्झिट रो, म्हणजे संकटकालीन दाराजवळची रांग, घेऊ नका. तिथे समोर सीट नसते किंवा ती लांब असते, म्हणून जेवणाचा ट्रे बहुधा आर्मरेस्टच्या पोटात घडी करून ठेवलेला असतो. तो आर्मरेस्ट वर होत नाही, बाजूने भरीव असतो, आणि बसायची जागा इंचभर कमीच मिळते. पायांना ऐसपैस आणि कमरेला कोंडमारा. शिवाय ज्यांना पट्टा वाढवून लागतो त्यांना एक्झिट रोमध्ये बसू देत नाहीत. सीटवर बसल्यावर सगळ्यांसमोर उठवलं जाणं बाबांना नको.

पट्ट्यावरून आठवलं. तो पुरत नसेल तर एक्स्टेन्शन बेल्ट मिळतो. पैसे लागत नाहीत. साधारण दोन फूट लांबी वाढते. विमानात शिरताना दारात उभ्या असलेल्या मुलीला हळूच सांगा, "वडिलांना एक्स्टेन्शन बेल्ट लागेल." सीट नंबर सांगा आणि पुढे चला. ऑनलाइन विकत मिळतो तो नेऊ नका, कंपनीच्या मान्यतेशिवाय तो वापरू देत नाहीत. बरेच जण लाजेने मागत नाहीत आणि शर्टाखाली पट्ट्याची दोन टोकं नुसती धरून ठेवतात. हे मी हाताने पदर किंवा शर्ट बाजूला सरकवून पाहिलेलं आहे. विमान हादरलं तर धरलेला पट्टा काही कामाचा नाही.

इथे माझी एक चूक सांगायला हवी. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी मागच्या गॅलीतून, म्हणजे विमानातल्या स्वयंपाकाच्या जागेतून, तो बेल्ट हातात लोंबकळत घेऊन निघाले आणि पाच रांगा आधीच विचारलं, "सर, एक्स्टेन्शन तुम्हाला हवंय ना?" सगळी डोकी वळली. त्या गृहस्थांनी "नाही, मला नको" म्हटलं आणि खिडकीकडे तोंड केलं. मी बेल्ट परत नेला, आणि उड्डाणाआधी पुन्हा जाऊन त्यांच्या मांडीवर ठेवला तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पुढे मुलांना शिकवताना मी ते सगळ्यात आधी शिकवायची: बेल्टची गुंडाळी करायची, नॅपकिनमध्ये धरायची, आणि पाण्याचा ग्लास द्यावा तसा खाली वाकून द्यायचा. बोलायचं काही नाही.

माप 20 च्या पुढे आलं तर दुसरी सीट घ्या, पण नीट घ्या. वेबसाइटवर वडिलांच्या नावाने दोन वेगळी तिकिटं काढू नका. यंत्रणेला ती एकाच माणसाची दुबार नोंद वाटते, किंवा दुसरा प्रवासी आलाच नाही असं धरून सीट दुसऱ्याला जाते. कंपनीला फोन करून किंवा तिच्या काउंटरवर जाऊन एकाच पीएनआरमध्ये, म्हणजे एकाच बुकिंग नंबरवर, एक्स्ट्रा सीट मागा. आमच्या भाषेत तिला ईएक्सएसटी म्हणतात. दोन्ही सीट लागून असल्याची खात्री करा, दोन्ही बोर्डिंग पास जवळ ठेवा आणि गेटवर दोन्ही स्कॅन करून घ्या. कॅनडात 2009 पासून मोठ्या कंपन्यांच्या देशांतर्गत विमानांत, स्थूलपणामुळे एका सीटमध्ये बसणं खरोखर शक्य नसलेल्या माणसाकडून दुसऱ्या सीटचे पैसे घेता येत नाहीत. आपल्याकडे तसं काही नाही, ज्या त्या कंपनीचा नियम. म्हणून विचारल्याशिवाय गृहीत धरू नका. मला स्वतःला कॅनडाची पद्धत न्याय्य वाटते. 18 इंच हे माप प्रवाशाने ठरवलेलं नाही.

विमान लहान असेल तर हिशोब थोडा बदलतो. सिंधुदुर्गातलं चिपीचं विमानतळ ऑक्टोबर 2021 मध्ये सुरू झालं तेव्हा पहिलं विमान एटीआर 72 होतं. त्यात दोन-दोन सीट, मधली सीटच नाही, त्यामुळे तुम्ही दोघं असाल तर तिसऱ्याचा प्रश्न उरत नाही. पण त्यात मागे चार सीट रिकाम्या दिसल्या म्हणून आपणहून जाऊन बसू नका. लहान विमानात कोण कुठे बसलंय यावर वजनाचा तोल काढलेला असतो. आधी क्रूला विचारा.

आता त्या मुलीकडे येते. तुम्हाला आवडणार नाही, पण तिची अडचण खोटी नव्हती. कोणाच्या तरी दंडाचा दाब सतत अंगावर, एक बाजू वळवून तासभर बसायचं, कंबर धरते. त्यात ती बाईमाणूस. अनोळखी पुरुषाचा स्पर्श, कितीही निरुपद्रवी असला तरी, तिने का सोसायचा? सीट बदलून मागायला तिला कारणसुद्धा द्यावं लागू नये. चुकलं ते कोणाला सांगितलं आणि कसं सांगितलं. तिने अर्ध्या सीटचा हिशोब बाबांकडे मागितला, जणू तिच्या सीटची लांबी-रुंदी त्यांनी ठरवली होती. बाबांनीही तिच्याएवढेच पैसे भरले होते. आणि दोघांनी भरलेले पैसे ज्यांच्याकडे गेले, त्यांचा माणूस त्या वेळी तिथे आला नाही. तुम्ही लिहिलंय की क्रूमधलं कोणी आलंच नाही. ती चूक मला तिच्या ओरडण्यापेक्षा मोठी वाटते.

आपल्याकडच्या लोकांना हे विमानातलं भांडण जास्त लागतं, आणि त्याला कारण आहे. आपण बाकड्यावर बसून मोठे झालो. एसटीत तीन सीटांच्या बाकड्यावर चौथा टेकायचा, गणपतीच्या गाडीत तर विचारूच नका. "जरा सरका हो" म्हटलं की माणूस सरकतो, कारण बाकडं सगळ्यांचं. जाड माणसाला कोणी काही बोलत नाही, तो बसल्यावर बाकीचे आपोआप जागा करून घेतात. विमानात सरकायला जागाच नाही. प्रत्येकाच्या दोन्ही बाजूंना दांडे, आणि प्रत्येक चौकोनाला वेगळा नंबर आणि वेगळी किंमत. बाबांनी आयुष्यभर लोकांना जागा करून दिली असेल. तिथे पहिल्यांदाच त्यांना कळलं की त्यांची जागा कोणी मोजतंय.

म्हणून पुन्हा असं होऊ नये यासाठी काय करायचं, ते वेळेनुसार सांगते. सगळं वेळेवर अवलंबून आहे. चेक-इन काउंटरवर विचारा, "लोड कमी असेल तर शेजारची सीट मोकळी ठेवता येईल का?" विमान भरलेलं नसेल तर तिथली मुलं बऱ्याचदा ठेवतात, पैसे न घेता. वेब चेक-इन करून थेट आत जाणाऱ्याला हा प्रश्न विचारायला माणूसच भेटत नाही. त्यानंतरची वेळ म्हणजे "बोर्डिंग कम्प्लीट" ही घोषणा झाल्यापासून विमान हलेपर्यंतची तीन-चार मिनिटं. तेव्हा क्रूला नेमकं माहीत असतं की कुठल्या सीट रिकाम्या आहेत. त्या मुलीने त्याच मिनिटांत उठून मागच्या गॅलीत जाऊन "मला जागा पुरत नाही, दुसरी सीट मिळेल का?" एवढं म्हटलं असतं, बोट न दाखवता, तर काम झालं असतं. विमान उडाल्यावरही क्रू प्रयत्न करतो, पण तोवर बाकीचे लोक रिकाम्या सीटवर पसरलेले असतात. आणि विमान पूर्ण भरलेलं असेल तर कोणाच्याच हातात काही नाही, हेही प्रामाणिकपणे सांगते. मग दंड आलटून पालटून पुढे-मागे ठेवायचे, एकाने टेकायचं, दुसऱ्याने थोडं पुढे बसायचं, दर अर्ध्या तासाने बदलायचं. मधल्या सीटवाल्याला दोन्ही आर्मरेस्ट द्यायचे, कारण त्याच्याकडे खिडकीही नाही आणि वाटही नाही.

बाबांसाठी एक वाक्य. शेजारी अनोळखी आलाच तर तो बसत असतानाच बाबांनी म्हणावं, "मी जरा जाड आहे, तुम्हाला अडचण झाली तर मला सांगा." माफी मागायची नाही, माफी मागण्यासारखं काही केलेलं नाही. पण हे वाक्य आधी आलं की समोरचा माणूस माणसाशी बोलायला लागतो. मी पाहिलंय, ज्याला विचारलं तो आर्मरेस्ट वर करायला बहुधा हो म्हणतो. न विचारता वर केलेला आर्मरेस्ट मात्र कोणालाच आवडत नाही.

आकार आणि सवय यांतला फरकही लक्षात ठेवा. गुडघे फाकवून बसणारे, कोपर शेजारच्याच्या बरगडीत खुपसून मोबाइल बघणारे बहुतेक जण सडपातळ असतात. त्यांना "पाय जरा जवळ घ्या" असं सरळ सांगता येतं, कारण ते घेऊ शकतात. जाड माणसाला तेच सांगून काय होणार? तो आधीच अंग आवरून बसलेला असतो.

किती आवरून, ते सांगते. मुंबईहून गोव्यातल्या दाबोळी विमानतळाची फेरी होती. खिडकीला वेंगुर्ल्याकडचे एक काजूचे व्यापारी, साठीचे. डावा हात उजव्या काखेत, उजवा डाव्या काखेत, असे ते बसले ते उतरेपर्यंत. मी दोनदा पाणी विचारलं, दोनदा मान हलवली. खायला नको म्हणाले, तेव्हा मी समोरच्या ट्रेकडे पाहिलं. तो पोटापर्यंत येऊन अर्ध्यातच अडकला असता. उतरल्यावर सगळे गेले तरी ते बसून होते. माझं बोलणं ऐकून मी आपल्याकडची हे त्यांनी ओळखलं होतं. म्हणाले, "आता दी गो पाणी." दोन ग्लास घटाघटा प्यायले. मी विचारलं, मघाशी का नाही घेतलं? म्हणाले, "पाणी पियालंय तर उठूचा लागतला. मी उठलंय तर ह्येंका उठवचा लागतला."

हात काखेतून काढले तेव्हा बोटं पांढरी पडली होती. ते बोटं चोळत उठले आणि जाताना मला म्हणाले, तुझ्या आईवडिलांना नमस्कार सांग.

म्हणून दिल्लीच्या अडीच-पावणेतीन तासांत बाबांना पाणी प्यायला लावा. गेटवर बोर्डिंग सुरू व्हायच्या आधी एकदा जाऊन येऊ द्या, विमानातलं टॉयलेट त्यांना अडचणीचं होईल. ट्रे उघडत नसेल तर त्यांचं खाणं तुमच्या ट्रेवर ठेवा, मधल्या सीटचा हा आणखी एक उपयोग. कुडाळहून निघताना घरचं काही डब्यात घेतलंत, पोळी-भाजी किंवा घावणे, तर हातात धरून खाता येतं. आणि परतीचं तिकीट आजच त्याच पद्धतीने काढा, दोन सीट लागून, मधली तुमची. बारशानंतर दोन दिवसांनी काढू म्हणाल तर उरलेल्या सीट मिळतील, लागून मिळणार नाहीत.